शोधनिबंध लिहायला घेताना: पुण्याच्या प्लेगचं उदाहरण

"मला प्लेगवर पेपर लिहायचाय," असं एम.ए.च्या दुसऱ्या वर्षातला विद्यार्थी येऊन सांगतो, तेव्हा त्याचा उत्साह खरा असतो. कोविडनंतर या विषयाकडे वळणारे बरेच आहेत आणि त्याला कारणही आहे. मार्च 2020 मध्ये महाराष्ट्रात जो साथरोग कायदा लावला गेला, तो मुळात 4 फेब्रुवारी 1897 ला याच प्लेगसाठी केलेला, जेमतेम चार कलमांचा कायदा. रँडचा खून, चापेकर बंधू, टिळकांवरचा राजद्रोहाचा खटला हे सगळं शाळेपासून कानावर पडलेलं. विषय इतका ओळखीचा असला की वाटतं, आता फक्त वाचायचं आणि लिहायचं. मग दोन-अडीच महिने वाचन चालतं, झेरॉक्सचा गठ्ठा वाढत जातो आणि शेवटच्या पंधरवड्यात त्या गठ्ठ्यातल्या एकेका पुस्तकाचा सारांश एकाखाली एक उतरवला जातो. पानं भरतात. पण यातून नवं काय कळलं, असं परीक्षकाने विचारलं की उत्तर देता येत नाही.

शोधनिबंध म्हणजे एका प्रश्नाचं पुराव्यानिशी दिलेलं उत्तर. ही व्याख्या सगळ्यांना पाठ असते. तिचा व्यवहारातला अर्थ मात्र कोणी समजावून सांगत नाही. तो असा, की लिहिण्याआधीच्या कामाचा सगळ्यात मोठा वाटा प्रश्न बारीक करण्यात जायला हवा. किती बारीक? तुमच्या हातात जेवढे महिने आहेत तेवढ्यात, तुम्हाला खरोखर बघायला मिळतील अशा कागदांतून, ज्याचं उत्तर निघू शकेल इतका. इथे मी प्लेगचंच उदाहरण धरून चालणार आहे. अर्थशास्त्र, समाजशास्त्र, साहित्य असे विषय असलेल्यांनी त्या जागी आपलं उदाहरण ठेवून वाचावं.

प्रश्न बारीक करायचा म्हणजे काय

सप्टेंबर 1896 मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो गॅब्रिएल व्हिएगस या मूळच्या गोव्याच्या डॉक्टरांनी प्लेगचं निदान केलं. तिथून रोग इलाखाभर पसरला आणि पुढची कितीतरी वर्षं तो दर हिवाळ्यात परत येत राहिला. म्हणजे नुसतं 'प्लेग' म्हटलं तर आपण दोन-तीन दशकं, शेकडो गावं, सरकारी खाती, दवाखाने, गिरण्या, रेल्वे, लशी आणि वर्तमानपत्रं एवढं सगळं अंगावर घेतो. 'पुण्यातला 1897 चा प्लेग' असं म्हटलं की जागा आणि वर्ष ठरलं, पण हाही विषयच झाला. प्रश्न अजून आलेला नाही.

आता विद्यार्थी पहिला प्रश्न लिहून आणतो: 'प्लेगचा पुण्याच्या समाजजीवनावर काय परिणाम झाला?' वीस-पंचवीस पानांत याचं उत्तर कोणालाच देता येणार नाही. 'समाजजीवन' यात काहीही येतं. मग दुसरा प्रश्न येतो: 'रँडने पुणेकरांवर अत्याचार केले का?' याचं उत्तर लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेलं असतं आणि पुढची सगळी मेहनत त्याला साजेसे उतारे शोधण्यात जाते. तिसरा असतो, 'टिळकांची भूमिका योग्य होती का?' हा प्रश्न कागदपत्रांना विचारून उपयोग नाही, कारण योग्य-अयोग्य ठरवण्याचं माप कागदपत्रांत नसतं, ते आपण बरोबर घेऊन आलेलो असतो.

थोडं जवळ जाऊन पाहू. वॉल्टर चार्ल्स रँड फेब्रुवारी 1897 मध्ये प्लेग समितीचा प्रमुख म्हणून पुण्यात आला. 13 मार्चला गोऱ्या सैनिकांच्या तुकड्यांनी घरं तपासायला सुरुवात केली आणि 19 मेपर्यंत हे काम चाललं. या काळात तक्रारी पुष्कळ झाल्या, हे सगळ्यांना माहीत आहे. पण तक्रार नेमकी कशाची होती? घर तपासण्याचीच? की तपासणारे सैनिक असण्याची? देवघरात आणि माजघरात बूट घालून शिरण्याची? बायकांची तपासणी परक्या पुरुषांनी करण्याची? सामान जाळण्याची? रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना वेगळ्या छावणीत नेण्याची? या सगळ्या तक्रारी एकाच वेळी आणि एकाच जोराने झाल्या, असं आपण गृहीत धरून चालतो. तसं होतं का, हे तपासता येतं.

मग प्रश्न असा होतो: मार्च ते मे 1897 या काळात पुण्यातल्या मराठी वर्तमानपत्रांनी घरझडतीबद्दल कोणकोणत्या तक्रारी छापल्या, त्यांचा क्रम आणि भर कसा बदलत गेला, आणि त्यातल्या कोणत्या तक्रारींची नोंद सरकारी दप्तरात झाली?

हा प्रश्न ऐकायला साधा आहे आणि तेच त्याचं बळ आहे. याचं उत्तर काय निघेल हे आधी सांगता येत नाही. कदाचित सैनिकांच्या वागण्यापेक्षा छावणीबद्दलच जास्त लिहिलेलं सापडेल, कदाचित उलट. कोणते कागद लागतील हे प्रश्नातच लिहिलेलं आहे. आणि कामाचा आवाका मोजता येतो. 'केसरी' तेव्हा मंगळवारी निघत असे. 13 मार्चनंतरचा पहिला मंगळवार 16 मार्चचा आणि झडत्या थांबल्यानंतरचा पहिला 25 मेचा. म्हणजे 11 अंक. हे 11 अंक एका माणसाला ओळ न् ओळ वाचता येतात. सोबत आणखी एक वर्तमानपत्र घेतलं, उदाहरणार्थ 'ज्ञानप्रकाश' किंवा 'सुधारक', तरी काम आटोक्यात राहतं. कॅलेंडर समोर घेऊन असं मोजून पाहणं म्हणजेच आखणी. सिनॉप्सिसमध्ये, म्हणजे संशोधनाच्या आराखड्यात, 'तत्कालीन वृत्तपत्रांचा आधार घेतला जाईल' असं मोघम लिहिण्यापेक्षा हा 11 चा आकडा मार्गदर्शकांना कितीतरी जास्त सांगून जातो.

मुदत 25 मेलाच का संपवायची, असं कोणीही विचारेल. 22 जूनच्या रात्री गणेशखिंड रस्त्यावर रँड आणि लष्करी अधिकारी आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. तिथपर्यंत जायचा मोह होणारच, कारण गोष्ट तिथे रंगते. पण त्या रात्रीनंतर पुण्यात जे काही लिहिलं गेलं, ते खुनाकडे पाहत लिहिलं गेलं. सरकारला कट शोधायचा होता, वर्तमानपत्रांना स्वतःचा बचाव करायचा होता, सामान्य माणसाला आपलं नाव कुठे येऊ द्यायचं नव्हतं. मेअखेरपर्यंतचा मजकूर लिहिणाऱ्याला मात्र पुढे काय होणार हे माहीत नव्हतं. म्हणून आपल्या प्रश्नासाठी तोच मोलाचा. काळाची सीमा अशी कारणासहित आखायची असते, आणि ते कारण निबंधात दोन ओळींत लिहायचंही असतं. परीक्षक ते शोधतात.

आधी कोणी काय लिहून ठेवलंय

हा टप्पा दोन-तीन आठवड्यांत उरकावा. तो लांबला की सगळंच लांबतं.

सुरुवात 'शोधगंगा'पासून करा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राने चालवलेल्या या संग्रहात भारतीय विद्यापीठांतले पीएच.डी.चे प्रबंध मोफत वाचता येतात. आपल्याच विषयावर कोणी काम केलंय का, हे तिथे कळतं. केलेलं असेल तर घाबरून विषय बदलू नका. त्या प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची ही तुमच्यासाठी तयार वाट आहे. गूगल स्कॉलरवर एखादा चांगला लेख सापडला की त्या लेखाने कोणाचा आधार घेतला हे त्याच्या तळटीपांत दिसतं, आणि पुढे त्या लेखाचा आधार कोणी घेतला हे त्याखालच्या दुव्यावर दिसतं. मागे आणि पुढे अशा दोन्ही बाजूंनी चार-पाच लेखांवरून गेलात की तीच तीच नावं परत येऊ लागतात. ती आली की समजावं, क्षेत्राचा अंदाज आला.

परदेशी नियतकालिकांचे लेख पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत, ही जुनी अडचण. 1 जानेवारी 2025 पासून केंद्र सरकारची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना सुरू झाली आहे. सरकारी उच्च शिक्षणसंस्थांतल्या विद्यार्थ्यांना 30 प्रकाशकांची सुमारे 13,000 नियतकालिकं तीतून वाचायला मिळतात. आपलं कॉलेज त्यात आहे का, हे ग्रंथपालांना विचारा. ग्रंथपालांकडे जाऊन नीट प्रश्न विचारणं हे विद्यार्थी फार कमी करतात, आणि मला याचं नेहमी वाईट वाटतं. ज्याला दहा मिनिटांत सांगता आलं असतं ते शोधण्यात आठवडा जातो.

प्रत्येक लेख पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायची गरज नसते. आधी सारांश, मग थेट निष्कर्ष, मग तळटीपा. लेखकाचं म्हणणं काय आणि ते त्याने कशाच्या जोरावर म्हटलं, एवढं दोन वाक्यांत तुमच्या शब्दांत लिहिता आलं की पुढे जा. लिहिता येत नसेल तरच मधला भाग वाचा.

आणि वाचताना मतभेद शोधा. प्लेगच्या इतिहासकारांत काहींचा भर वसाहतवादी सत्तेने माणसाच्या शरीरावर कशी पकड बसवली यावर आहे. काहींना ते पुरेसं वाटत नाही. त्यांच्या मते लोकांचा विरोध सरसकट नव्हता, वर्ग, जात, वस्ती आणि त्या-त्या उपायाप्रमाणे तो बदलत होता. आपला तक्रारींचा प्रश्न बरोबर या दोघांच्या मध्ये पडतो. तक्रारींत फरक दिसला तर दुसऱ्या बाजूला बळ मिळेल. सगळ्या तक्रारी शेवटी शरीराला झालेल्या स्पर्शापाशीच येऊन थांबत असतील तर पहिल्या. पूर्वसाहित्याचा आढावा लिहायचा म्हणजे हे लिहायचं. 'अमुक यांनी 1987 मध्ये असं म्हटलं, तमुक यांनी 1992 मध्ये तसं म्हटलं' अशी यादी म्हणजे आढावा नाही.

कागदांसमोर बसल्यावर

खरं काम इथे सुरू होतं, आणि खरा आनंदही.

आपल्या प्रश्नासाठी कागद तीन ठिकाणचे लागतील. पहिले वर्तमानपत्रांचे जुने अंक, म्हणजे पुण्यात केसरीवाड्यातला संग्रह आणि जुनी ग्रंथालयं. दुसरं सरकारी दप्तर. मुंबईत काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत पुराभिलेख संचालनालय आहे, तिथे सामान्य विभागाचे प्लेगविषयक खंड वर्षवार लावलेले आहेत. तिसरे छापील सरकारी अहवाल. त्यातले बरेचसे आता घरबसल्या मिळतात, कारण स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ब्रिटिश हिंदुस्थानातल्या वैद्यकीय अहवालांचा मोठा संग्रह संकेतस्थळावर मोफत ठेवला आहे. अभिलेखागारात जाताना विभागप्रमुखांचं पत्र आणि ओळखपत्र न्यावं, कोणत्या वेळी फायली मिळतात आणि फोटो काढता येतात का हे आधी विचारून घ्यावं. जुना कागद ठिसूळ असतो. काही फायली 'देण्याजोग्या अवस्थेत नाहीत' असंही उत्तर मिळतं. म्हणून पहिली फेरी आखणीच्या काळातच करावी. प्रश्न पक्का झाल्यावर कागद नाहीत असं कळण्यापेक्षा ते आधी कळलेलं बरं.

वर्तमानपत्रांच्या बाबतीत एक सोपी वाट दिसते आणि तिच्यापासून सावध राहायला हवं. इंग्रज सरकार देशी वर्तमानपत्रांतल्या मजकुराचे इंग्रजी गोषवारे दर आठवड्याला तयार करून घेत असे, अधिकाऱ्यांपुरते, गुप्त. हे छापील गोषवारे आज मिळतात. इंग्रजीत आहेत, सलग आहेत, वाचायला सोपे आहेत. पण काय निवडायचं हे सरकारने ठरवलेलं आहे. सरकारला जे खटकलं ते त्यात आलं. प्लेगच्या बातम्यांतला रोजचा भाग, इस्पितळाला मिळालेली मदत, वाचकांची साधी पत्रं यातलं बरंच गळलेलं असणार. तेवढ्यावरच निबंध उभा केला तर मराठी वर्तमानपत्रं सदैव संतापलेलीच होती असा निष्कर्ष निघेल, आणि तो मूळ अंकांतून आलेला नसेल, सरकारी कारकुनाच्या निवडीतून आलेला असेल. टिळकांनी याच काळात पुण्यात हिंदूंसाठी प्लेगचं इस्पितळ उभं करायला पुढाकार घेतला होता. विरोध आणि सहकार्य एकाच माणसाच्या, एकाच पत्राच्या कामात शेजारी शेजारी होतं, हे मूळ अंक चाळल्याशिवाय लक्षात येत नाही. गोषवारे टाकून द्यायचे नाहीत. उलट मूळ अंकातलं काय त्यात घेतलं आणि काय सोडलं, ही तुलना आपल्या प्रश्नाच्या तिसऱ्या भागाचं उत्तर देते: सरकारने कोणत्या तक्रारीची नोंद घेतली?

पुरावा किती जड असतो हे समजण्यासाठी याच 1897 सालातली एक घटना प्रत्येक संशोधकाने लक्षात ठेवण्यासारखी आहे. गोपाळ कृष्ण गोखले तेव्हा हिंदुस्थानच्या सरकारी खर्चाची चौकशी करणाऱ्या वेल्बी आयोगापुढे साक्ष द्यायला इंग्लंडला गेले होते. पुण्याहून त्यांना मित्रांची पत्रं येत होती. सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं त्यांत लिहिलेलं होतं. गोखल्यांनी हा आरोप तिथे जाहीरपणे मांडला आणि तो 'मँचेस्टर गार्डियन'मध्ये छापून आला. मुंबई सरकारने तो फेटाळला आणि पुरावा मागितला. गोखले परत आले तेव्हा रँडचा खून होऊन गेला होता, पुण्यात धरपकड चालू होती, आणि ज्यांनी पत्रं लिहिली त्यांच्यापैकी कोणी पुढे येऊन सांगायला तयार नव्हतं. गोखल्यांना जाहीर माफी मागावी लागली. तिचा सल त्यांना पुढे बरीच वर्षं सोसावा लागला.

यातून शिकणाऱ्याने काय घ्यायचं? गोखल्यांच्या हातात होतं ते ऐकीव होतं. पत्र लिहिणाऱ्याने स्वतः पाहिलं की त्यानेही कोणाकडून ऐकलं, हे पत्रातून ठरत नव्हतं. म्हणून समोर आलेल्या प्रत्येक कागदाला चार गोष्टी विचाराव्यात: हे कोण सांगतोय, त्याला कसं कळलं, घटनेनंतर किती दिवसांनी लिहिलं, आणि कोणासाठी लिहिलं. पण इथेच थांबलं तर अर्धाच धडा घेतला. आरोप सिद्ध झाला नाही याचा अर्थ तो खोटा होता असा होत नाही. 1897 च्या जुलै-ऑगस्टमध्ये पुण्यातल्या कुठल्या कुटुंबाने आपल्या घरातल्या बाईचं नाव सरकारपुढे सांगितलं असतं? पुरावा का मिळाला नाही, हाही संशोधनाचा भाग आहे. शिवाय मेमध्ये, म्हणजे खुनाच्या आधी, पंडिता रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन'ला पत्र लिहून पुण्यातल्या प्लेग इस्पितळात आणि छावणीत बायकांच्या सुरक्षिततेची हेळसांड होते अशी तक्रार केली होती. ते पत्र नावानिशी आहे, तारखेनिशी आहे, आणि लिहिणारी बाई काही टिळकांच्या पक्षाची नव्हती. दोन कागद एकाच बाजूकडे बोट दाखवतात, पण दोघांचं वजन सारखं नाही. निबंधात हे वजन वाचकाला दिसलं पाहिजे. 'अत्याचार झाले' असं लिहून मोकळं होता येत नाही, आणि 'अत्याचाराचे पुरावे नाहीत' असं लिहूनही नाही.

वजन करताना आजचं ज्ञान मागे नेऊन ठेवण्याची चूकही टाळायला हवी. प्लेगचा जंतू 1894 मध्ये हाँगकाँगला सापडला होता. पण तो उंदरांवरच्या पिसवांमुळे माणसात येतो, हे पॉल-लुई सिमाँ यांनी 1898 मध्ये दाखवलं, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. 1897 च्या पुण्यात सामान जाळणं, भिंतींना औषधं फासणं, घरची माणसं छावणीत हलवणं हे त्या वेळच्या समजुतीप्रमाणे शास्त्रीय उपाय होते. ते चुकीचे होते हे आज म्हणणं सोपं. तेव्हा कोणाला काय माहीत असू शकत होतं, हे लिहिणं अवघड आणि तेच आपलं काम.

एक कालपट्टी मात्र पहिल्या दिवसापासून वहीत असू द्या. तारखा एकाखाली एक लिहिल्या की नुसत्या क्रमातूनही पुष्कळ कळतं. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना स्वतः प्लेग होऊन 10 मार्च 1897 ला गेल्या. सैनिकांच्या झडत्या सुरू झाल्या त्या 13 मार्चला. म्हणजे पुण्यातल्या माणसांनी उभं केलेलं शुश्रूषेचं काम आणि त्यासाठी दिलेला जीव, दोन्ही झडत्यांच्या आधीचं. पुण्याचा प्लेग म्हणजे रँड आणि त्याचा खून एवढीच गोष्ट मनात असेल तर या तीन दिवसांचा अर्थ लक्षातच येत नाही.

आकडे आले की थांबा

ज्यांचा पेपर आकड्यांवर आहे त्यांच्यासाठी मुंबईचं एक उदाहरण. 1891 च्या खानेसुमारीत, म्हणजे जनगणनेत, मुंबईची लोकसंख्या 8,21,764 होती. 1901 मध्ये ती 7,76,006 भरली. दहा वर्षांत पंचेचाळीस हजारांहून जास्त घट. हे दोन आकडे शेजारी ठेवून 'प्लेगने मुंबईचे पंचेचाळीस हजार बळी घेतले' असं लिहिलं तर ते सपशेल चूक ठरेल. 1901 ची खानेसुमारी मार्चच्या सुरुवातीला झाली, ऐन प्लेगच्या हंगामात, आणि त्या हंगामात कोकणात, देशावर, गुजरातेत आपापल्या गावी निघून गेलेले लोक मोजणीत आलेच नाहीत. 1906 मध्ये शहराची वेगळी मोजणी झाली तेव्हा आकडा 9,77,822 निघाला. पाच वर्षांत दोन लाख माणसं जन्माला येऊन मोठी झाली नव्हती. मृत्यूच्या नोंदीतही हेच. प्लेग म्हणून नोंद झाली तर घर धुवून काढतील, माणसं हलवतील, या भीतीने ताप किंवा आणखी काही कारण सांगितलं जाई. म्हणून जाणकार प्लेगचे नोंदलेले मृत्यू न घेता त्या आठवड्यातले एकूण मृत्यू घेतात, आदल्या काही वर्षांची त्याच आठवड्याची सरासरी त्यातून वजा करतात आणि उरलेला फरक पाहतात. कोविडच्या काळात जादा मृत्यूंची मोजणी झाली ती याच रीतीने. आकडा वापरण्याआधी तो कोणी, कधी आणि कशासाठी मोजला, हे तळटीपेत आलं पाहिजे.

टिपणं आणि दिवस

टिपणाची शिस्त कंटाळवाणी वाटते, पण शेवटच्या महिन्यात तीच वाचवते. प्रत्येक टिपणाची पहिली ओळ ठिकाणाची: 'केसरी, मंगळवार, 6 एप्रिल 1897, पान अमुक, रकाना अमुक'. सरकारी कागद असेल तर विभाग, वर्ष, खंड क्रमांक, प्रकरण क्रमांक, पान. त्याखाली मूळ शब्द जसेच्या तसे, अवतरणचिन्हांत. त्याखाली एक रेघ मारून तुमचं म्हणणं. या रेघेवर तडजोड नको. सहा महिन्यांनी वही उघडल्यावर हे वाक्य माझं की केसरीचं, हे आठवत नाही, आणि तिथूनच नकळत होणारी वाङ्मयचोरी सुरू होते. हे सगळं कागदी कार्डावर करा, एक्सेलमध्ये करा किंवा संदर्भ सांभाळणाऱ्या झोटेरोसारख्या मोफत साधनात करा. आपल्या प्रश्नाला तर तक्ताच सोयीचा: अंकाची तारीख, तक्रारीचा प्रकार, बातमी की अग्रलेख की वाचकाचं पत्र, घटनेची पेठ, तक्रारदाराचं नाव दिलंय का. 11 अंक असे भरून झाले की निबंधाचा मधला भाग बहुतेक तयार असतो.

वेळेची आखणी सादर करण्याच्या तारखेपासून मागे करत यावी. एका सत्रात चार महिने मिळाले असं धरलं तर शेवटचे तीन आठवडे दुरुस्ती, तळटीपा आणि छपाईचे. त्याआधीचे पाच आठवडे लेखनाचे. उरलेल्या आठ आठवड्यांत वाचन आणि कागद. म्हणजे निम्मा काळ संपला की लिहायला बसायचंच, सामग्री अपुरी वाटत असली तरी. लिहिताना कुठे भोक आहे ते कळतं आणि मग नेमक्या त्याच कागदासाठी परत जाता येतं. प्रस्तावना शेवटी लिहा. मार्गदर्शकांना पूर्ण मसुदा एकदम देऊ नका. एक पान प्रश्नाचं, मग एक भरलेला तक्ता, मग एक प्रकरण असं देत गेलात की सर किंवा मॅडमनाही नेमकं बोलता येतं.

चोरी, यंत्राने दिलेले संदर्भ आणि छापणारे

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, म्हणजे यूजीसीच्या, 2018 च्या नियमांप्रमाणे दुसऱ्याच्या मजकुराशी 10 टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर कारवाई होत नाही, 10 ते 40, 40 ते 60 आणि 60 च्या वर अशा चढत्या पायऱ्यांनी शिक्षा वाढते. संदर्भ देऊन अवतरणचिन्हांत घेतलेला मजकूर यात धरला जात नाही. त्यामुळे 10 टक्के चोरी चालते असा अर्थ कोणी काढत असेल तर तो काढू नये. एक परिच्छेद उचलला तरी तो उचललेलाच असतो, सॉफ्टवेअर काहीही म्हणो.

चॅटबॉटला संदर्भ विचारले की तो खरे वाटणारे लेख, खरी वाटणारी पानं, कधी खऱ्या लेखकाच्या नावावर न लिहिलेलं पुस्तकसुद्धा सांगतो. इंग्रजी उतारा समजून घ्यायला, तक्त्याचं सूत्र विचारायला त्याचा उपयोग करा. पण जो संदर्भ तुम्ही स्वतः उघडून पाहिलेला नाही तो निबंधात जाता कामा नये, मग तो यंत्राने दिलेला असो की दुसऱ्याच्या तळटीपेतून घेतलेला.

आणि पेपर छापायचा असेल तर घाई करू नका. पीएच.डी.चा प्रबंध सादर करण्याआधी पेपर छापलेला असण्याची यूजीसीची सक्ती नोव्हेंबर 2022 च्या नियमांत काढून टाकली आहे. विद्यापीठाचा स्वतःचा नियम काय आहे तेवढं पाहून घ्या. चांगल्या नियतकालिकांची यूजीसी-केअर यादी 2025 च्या सुरुवातीला बंद झाली, त्यामुळे पारखायची जबाबदारी आता संस्थांवर आणि आपल्यावर आली आहे. आठवड्याभरात छापून देतो म्हणणारा, आधी पैसे मागणारा, इतिहासापासून औषधनिर्माणापर्यंत सगळं एकाच अंकात घेणारा संपादक दिसला की मागे फिरा. ज्या नियतकालिकातले लेख तुम्ही या निबंधासाठी वाचले आणि ज्यांच्या तळटीपांवरून तुम्हाला पुढची वाट सापडली, पहिल्यांदा तिथेच पाठवा. नकार आला तरी बहुधा सोबत परीक्षकांचे शेरे येतात, आणि आपला मसुदा एवढ्या बारकाईने वाचणारं माणूस सहसा मिळत नाही.